आधीच्या भाडेकरूच्या नावाची सरकारी पत्रे आपल्या घरी येतात, तेव्हा काय करावे?

गोदाकाठ

यजमानांची बदली नागपूरला झाली होती, तेव्हा आमचे नाशिकचे घर सहा वर्षे भाड्याने दिलेले होते. शेवटचे भाडेकरू म्हणजे एक तरुण जोडपे आणि त्यांचे तान्हे बाळ. दीड वर्षापूर्वी ते घर सोडून गेले आणि त्यानंतर आम्ही स्वतः इथे राहायला आलो. माणसे सज्जन होती, त्यांचे भाडे कधी थकले नाही आणि जाताना घर झाडून-पुसून, किल्ल्या शेजारी ठेवून गेली. त्यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच सांगते.

अडचण अशी की त्यांच्या नावाची पत्रे अजूनही आमच्याकडेच येतात. पहिल्या काही महिन्यांत मी त्यांना फोन करत असे आणि ते येऊन पत्रे घेऊनही जात. गेल्या वर्षभरात मात्र त्यांचा तो क्रमांक बंद आहे. बँकेची, विम्याची, आरटीओची अशी १९ पाकिटे आमच्या देवघराखालच्या कप्प्यात साठली आहेत. मी एकही उघडलेले नाही.

गेल्या मंगळवारी न्यायालयाचा शिक्का असलेले एक जाड पाकीट स्पीड पोस्टाने आले. घरी आमची १५ वर्षांची मुलगी एकटीच होती. पोस्टमन नवीन होते, त्यांनी तिला सही करायला सांगितले. तिने सही केली नाही, आई आल्यावर या म्हणाली, आणि ते उद्या येतो असे सांगून गेले. दुसऱ्या दिवशी मी ‘हे लोक इथे राहत नाहीत’ एवढेच सांगून पाकीट परत पाठवले. तेव्हापासून मनाला चैन नाही. मी ते घेऊन जपून ठेवायला हवे होते का? परत पाठवल्यामुळे त्या तरुण भाडेकरू मुलाचे काही नुकसान तर होणार नाही ना? आणि या १९ पाकिटांचे आता काय करू?

चौथा_मजला

जुनी पाकिटे सरळ रद्दीत घालावीत. दीड वर्षात ज्याला स्वतःच्या पत्रांची आठवण झाली नाही, त्याची काळजी आपण किती करायची? न्यायालयाचे परत पाठवलेत ते योग्यच केलेत.

निळी_शाई

मी टपाल खात्यात ३४ वर्षे काम करून निवृत्त झालो. त्यांतली पहिली ११ वर्षे पोस्टमन म्हणून गावभर फिरलो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चौथा मजला, रद्दीत घालू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे. पाकीट ज्याच्या नावाचे आहे त्याचे असते, किंवा पोचले नाही तर पाठवणाऱ्याकडे परत जायचे असते. ज्याच्या दारात ते चुकून पडले, त्याचे ते कधीच नसते. रद्दीत गेलेल्या पाकिटाचा मोठा तोटा असा की पाठवणारा समजतो की ते पोचले. मग तो पुढचे पत्रही त्याच पत्त्यावर पाठवतो, आणि त्याच्या पुढचेही. गोदाकाठ यांच्याकडे १९ पाकिटे साठली ती याच कारणाने. पहिलीच दोन-तीन परत गेली असती, तर निदान काही ठिकाणी पत्ता तपासला गेला असता.

आता मुख्य गोष्ट. पाकीट परत जाते तेव्हा पोस्टमन त्यावर शेरा लिहितो, आणि सगळे काही त्या शेऱ्यावर असते. ‘घेण्यास नकार’, ‘पत्ता सोडून गेले’, ‘या नावाचे कोणी येथे नाही’, ‘दार बंद’, ‘पत्ता अपुरा’ हे नेहमीचे शेरे. दारातल्या माणसाने नुसते “नको, परत न्या” म्हटले आणि पोस्टमन नवीन किंवा घाईत असला, तर त्याच्या हातून ‘घेण्यास नकार’ लिहिले जाऊ शकते. ‘नकार’ म्हणजे माणूस तिथेच आहे पण घेत नाही. ‘सोडून गेले’ म्हणजे माणूस तिथे नाहीच. कागदावर हा दोन शब्दांचा फरक आहे, पण पुढे न्यायालयात त्याचे काय होते ते येथील वकील मंडळी सांगतील. म्हणून पोस्टमनला पूर्ण वाक्य सांगावे: “हे भाडेकरू होते, अमुक महिन्यात घर सोडून गेले, नवा पत्ता आम्हाला माहीत नाही.” आणि त्यांनी काय शेरा लिहिला तो समोरच वाचून घ्यावा. कोणताही चांगला पोस्टमन त्याचा राग मानत नाही.

साध्या टपालाने आलेल्या पाकिटांवर पोस्टमन थांबत नाही, ते पेटीत टाकून जातो. त्यावर तुम्ही स्वतः पत्त्यावर एक आडवी रेघ मारावी, पत्ता वाचता येईल अशीच, आणि बाजूला ‘पत्ता सोडून गेले, प्रेषकास परत’ असे लिहून तारीख घालावी. ते लाल पेटीत टाकावे किंवा पोस्टात नेऊन द्यावे. पाकीट उघडलेले नसावे. पाठवणाऱ्याचा पत्ताच नसेल, तर ते खात्याच्या परतपत्र कार्यालयात जाते. तिथे नेमलेल्या कर्मचाऱ्यालाच ते उघडून आत पत्ता सापडतो का हे पाहण्याचा अधिकार असतो.

गोदाकाठ

निळी शाई काका, मनापासून आभार. मी “इथे राहत नाहीत” म्हणाले, पण शेरा काय लिहिला ते पाहिले नाही. उद्या पोस्टात जाऊन विचारते.

अनुच्छेद

मी सातारा येथे दिवाणी आणि फौजदारी वकिली करते. काकांनी शेऱ्याबद्दल लिहिले ते अक्षरशः खरे आहे. न्यायालयात परत आलेल्या पाकिटाची मागची बाजू आम्ही आधी पाहतो.

१८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टचे कलम २७ असे सांगते की योग्य पत्ता लिहून, टपालखर्च भरून, नोंदणीकृत टपालाने पाठवलेली नोटीस बजावली गेली असे धरले जाते, मात्र त्याविरुद्ध पुरावा देता येतो. दिवाणी दाव्याचे समन्स ‘घेण्यास नकार’ अशा शेऱ्याने परत आले, तर न्यायालय ते बजावले गेले असे जाहीर करू शकते. मग प्रतिवादी हजर झाला नाही की एकतर्फी हुकूमनाम्यापर्यंत, म्हणजे त्याचे म्हणणे न ऐकताच दिलेल्या निकालापर्यंत, गोष्ट जाते. याउलट ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा असला, तर वादीला नवा पत्ता शोधावा लागतो, किंवा वृत्तपत्रात जाहिरात देण्यासारख्या पर्यायी बजावणीची परवानगी मागावी लागते. समजा तरीही एकतर्फी हुकूमनामा झालाच, तर समन्स आपल्याला मिळाले नव्हते हे दाखवून तो रद्द करून घेण्याचा अर्ज करता येतो. त्या अर्जाची ३० दिवसांची मुदत अशा प्रसंगी हुकूमनाम्याची माहिती मिळाल्या दिवसापासून मोजली जाते. त्या वेळी तुमच्या दारात लिहिलेला तो शेराच त्या मुलाचा सर्वांत भक्कम पुरावा असतो.

म्हणून गोदाकाठताई, ते पाकीट घेऊन जपून ठेवले असते तर त्याचे भले झाले असते, हा विचार मनातून काढून टाका. तुमची सही झाली असती तर न्यायालयाच्या कागदांत ‘पोचले’ अशी नोंद गेली असती, आणि प्रत्यक्षात त्याला काहीच कळले नसते. समन्स घरातील कुटुंबाच्या सज्ञान सदस्याकडे देता येते. पूर्वी फौजदारी समन्साच्या बाबतीत सज्ञान ‘पुरुष’ सदस्य असा शब्द होता, तो १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत गेला. पण घरमालक हा भाडेकरूचा कुटुंबीय नव्हे, आणि घरातला नोकरही कुटुंबीय धरला जात नाही. तुमच्या मुलीने सही केली नाही हे फार शहाणपणाचे झाले. तिला माझ्याकडून शाबासकी सांगा.

एक सावधगिरीची सूचना. पोस्टाऐवजी न्यायालयाचा बेलिफ, म्हणजे समन्स बजावणारा कर्मचारी, आला, तर त्यालाही तेच पूर्ण वाक्य सांगावे आणि त्याच्या अहवालात ते लिहून घेण्याची विनंती करावी. जमल्यास भाडेकराराची प्रत दाखवावी, म्हणजे सोडल्याची तारीख बोलण्यावर राहत नाही. त्याने तरीही दाराला नोटीस डकवली, तर ती फाडून काढू नये. समन्सची बजावणी मुद्दाम रोखणे किंवा डकवलेले समन्स मुद्दाम काढणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०७ खाली गुन्हा आहे. नोटीस तशीच राहू द्यावी आणि संबंधित न्यायालयाला लेखी कळवावे.

उंबरठा

मी याच चुकीतून गेलो आहे, म्हणून लिहितो. आमच्याकडे एक गृहस्थ दोन वर्षे भाड्याने होते. ते गेल्यावर त्यांची पत्रे मी आदराने, एकही न फाडता, कपाटात ठेवत गेलो. कधीतरी येतील तेव्हा सगळी एकत्र देऊ, असा विचार होता. ते १४ महिन्यांनी आले. त्या गठ्ठ्यात एका चेकच्या प्रकरणातली वकिलाची नोटीस होती, आणि प्रकरण तोपर्यंत न्यायालयात गेलेले होते. रक्कम फार मोठी नव्हती. नोटीस वेळेत हाती आली असती तर त्यांनी पैसे भरून विषय संपवला असता, असे ते म्हणाले. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. माझ्या बैठकीच्या खोलीत बसून एकेक पाकीट उघडत होते आणि मी समोर चहा घेऊन उभा होतो. ती दुपार मी विसरू शकत नाही.

जपून ठेवणे म्हणजे मदत, असे मला वाटत होते. माझ्या कपाटाने त्यांचे १४ महिने गिळले.

अनुच्छेद

उंबरठा, तुमची तळमळ पोचली. चेक न वटल्याच्या नोटिशीत रक्कम भरायला ती मिळाल्यापासून १५ दिवस असतात, त्यामुळे १४ महिने हा काळ खरोखर मोठा ठरतो. पण त्या गृहस्थांसारख्यांसाठी एक दार उघडे असते. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या एका निकालात म्हटले आहे की टपालाने पाठवलेली नोटीस मिळालीच नाही असे ज्याचे म्हणणे आहे, तो न्यायालयाचे समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरू शकतो. अजून कोणी या धाग्यावर त्या स्थितीत असेल, तर त्याच दिवशी वकिलाला गाठावे.

पारिजातक

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. आमच्या आधीच्या भाडेकरू एक एकट्या राहणाऱ्या आजी होत्या. त्यांच्या नावाचे पेन्शनच्या कार्यालयाचे पाकीट आले. फोन लागेना, गावाचे नाव माहीत नाही. मी दोन दिवस विचार करून ते पाकीट उघडले. आत त्यांच्या मुलाचा पत्ता मिळाला, त्यावरून मी त्याला गाठले, आणि आजींचे काम मार्गी लागले. मी ते परत पाठवले असते, तर त्या कार्यालयातून पुन्हा त्याच पत्त्यावर पत्र आले असते. हेतू चांगला असेल तर उघडण्यात गैर काय?

रानजाई

पारिजातक, तुमचा हेतू चांगला होता यात मला तिळमात्र शंका नाही, आणि आजींचे काम झाले याचा आनंदही आहे. तरीही मी तुमच्याशी सहमत नाही. मी स्वतः गेली ११ वर्षे पुण्यात भाड्याने राहते आहे आणि हे माझे सातवे घर. माझ्या पत्रांत माझा पगार, माझे कर्ज, माझ्या तपासण्यांचे अहवाल, माझ्या घटस्फोटाचे कागद असे सगळे आलेले आहे. ते एखाद्या जुन्या घरमालकिणीने माझ्या भल्यासाठी का होईना, वाचले असते, तर मला फार लाज वाटली असती. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये एकमताने सांगितले. तो निकाल सरकारला उद्देशून असेल, पण त्यामागचा विचार शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही लागू पडतो असे मला वाटते. पाकिटाच्या बाहेर पाठवणाऱ्या कार्यालयाचे नाव असतेच. त्या कार्यालयाला आपण पत्र लिहिले की “या बाई येथे राहत नाहीत, कृपया त्यांच्याशी दुसऱ्या मार्गाने संपर्क साधावा”, तर आतले न वाचताही काम होऊ शकते.

चौथा मजला यांच्या वाक्याबद्दलही लिहिते. पत्ता बदलायची आठवण राहत नाही, असे आम्हा भाडेकरूंविषयी सहज म्हटले जाते. प्रत्यक्षात काय होते ते सांगते. करार ११ महिन्यांचा. बँक, पॅन, आधार, गाडीचे नोंदणीपत्र, विमा, गॅस, मतदार यादी, मुलांची शाळा, कार्यालय, अशा दहा-बारा ठिकाणी पत्ता बदलायचा, आणि प्रत्येक ठिकाणी पुरावा हवा. तो पुरावा म्हणजे नोंदवलेला भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ११ महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. माझ्या सातपैकी दोन घरमालकांनी नोंदणी केलीच नाही, आणि एकांनी स्पष्ट सांगितले की आमच्या पत्त्यावर आधार बदलायचे नाही. तेव्हा मी आई-वडिलांच्या सोलापूरच्या पत्त्यावरच सगळे ठेवले. ज्यांना असा पत्ता नाही त्यांनी काय करावे?

पारिजातक

रानजाई, तुमचे म्हणणे पटले. कार्यालयाला पत्र लिहिणे मला त्या वेळी सुचलेच नाही. पुढच्या वेळी उघडणार नाही.

चौथा_मजला

रानजाई, माझे वाक्य मी मागे घेतो. मी नेहमी स्वतःच्या घरातच राहिलो, त्यामुळे ही बाजू मला दिसली नव्हती.

सह्यकडा

मी ठाण्यातल्या ११२ सदनिकांच्या सोसायटीचा सचिव आहे. अनुच्छेद यांनी नोकराच्या सहीबद्दल लिहिले, त्यात आमच्याकडची एक मोठी अडचण जोडतो: दारावरचा वॉचमन. कुरियरचा किंवा पोस्टाचा माणूस आला की वॉचमन सगळ्यांसाठी सही करतो, कारण रहिवाशांनाच ते सोयीचे वाटते. दीड वर्षापूर्वी सोडून गेलेल्या भाडेकरूचे पत्रही त्यात सहीनिशी आत येते. अशा एका प्रकरणात पोचपावतीवर आमच्या वॉचमनची सही होती, आणि त्याला तीन वेळा वकिलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागली. तो गरीब माणूस अगदी घाबरून गेला होता.

त्यानंतर आम्ही दोन नियम केले. न्यायालय, सरकारी कार्यालय किंवा वकील यांच्याकडून आलेले आणि सही लागणारे कोणतेही पाकीट वॉचमनने घ्यायचे नाही, पोस्टमनला वर सदनिकेतच पाठवायचे. आणि भाडेकरू सोडून जाताना ना-हरकत पत्राच्या अर्जातच नवा पत्ता आणि दुसऱ्या एका नातेवाइकाचा फोन लिहून घ्यायचा. दुसरा नियम केल्यापासून आमच्या पेटीत पडून राहणारी पत्रे जवळजवळ संपली. पोलीस ठाण्याला भाडेकरूची माहिती द्यायला जशी सगळ्यांची धावपळ असते, तशी तो जाताना त्याचा पुढचा पत्ता घ्यायला कोणाचीच नसते.

माळरान

आमच्याकडे पत्रांपाठोपाठ माणसेही आली. आधीच्या भाडेकरूने एका खासगी बँकेचे कर्ज थकवले होते. वसुलीची माणसे आमच्या दाराशी येऊन मोठ्याने बोलत, आणि एकदा म्हणाली की घरातले सामान उचलून नेऊ. माझी आई घरी एकटी असते, तिला त्या दिवसापासून बेलचा आवाज आला की धडधडते. कृपया कोणी सांगेल का, त्यांना आमचे सामान नेता येते का?

अनुच्छेद

माळरान, अजिबात नाही. कर्ज त्या व्यक्तीचे आहे, पत्त्याचे नाही. तुमच्या मालकीच्या वस्तूंना कोणीही हात लावू शकत नाही, आणि वसुली प्रतिनिधीला तर स्वतःच्या अधिकारात कोणाच्याही घरात शिरून काही उचलता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाप्रमाणे वसुलीसाठी धमकावणे, त्रास देणे, चारचौघांत अपमान करणे, कर्जदाराच्या कुटुंबीयांच्या आणि मित्रांच्या खासगीपणात शिरणे मना आहे, आणि कर्जदारालाही सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. जिथे कर्जदारालाच हे संरक्षण आहे, तिथे तुमचा संबंधच येत नाही.

पुढील वेळी दार न उघडता जाळीतूनच त्यांचे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागा. मालकीचा कागद किंवा वीजबिल दाखवा आणि ‘येथे आम्ही राहतो, कर्जदार अमुक महिन्यात सोडून गेले’ असे बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेलने आणि स्पीड पोस्टाने कळवा. त्याची पोच ठेवा. त्यानंतरही कोणी धमकावले, तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, आणि ११२ क्रमांक आईंच्या फोनमध्ये वरच ठेवा.

माळरान

आभार. आजच ईमेल केला. आईला तुमचे पहिले वाक्य वाचून दाखवले, तिने दोनदा वाचायला लावले.

राईनकाठ

मी जर्मनीत राहतो. इथली पद्धत वेगळी असल्यामुळे तुलनेसाठी लिहितो. पत्र घराच्या क्रमांकापेक्षा पत्रपेटीवरच्या नावाप्रमाणे टाकले जाते. भाडेकरू गेला की त्याची नावाची पट्टी निघते, आणि पोस्टमनला पेटीवर नाव दिसले नाही तर पत्र परत जाते. नवीन घरात गेल्यावर दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, आणि त्यासाठी घरमालकाने सहीनिशी दाखला देण्याचे बंधन २०१५ पासून आहे. रानजाई यांनी मांडलेल्या तक्रारीला इथे जागाच राहत नाही, कारण पत्ता लावू देणे ही घरमालकाची मर्जी नाही.

पण एक धोका इथेही आहे. न्यायालयाचे पत्र पिवळ्या पाकिटात येते. घेणारा घरी नसेल, तर ते पेटीत टाकून पोस्टमन पाकिटावर तारीख लिहितो, आणि त्या तारखेपासून मुदत मोजली जाते. म्हणून घर सोडताना मी सर्वप्रथम पेटीवरची पट्टी काढली. आपल्याकडे सोसायटीच्या पेट्यांवर सदनिका क्रमांकच असतो, नाव असले तरी बहुधा मूळ मालकाचे. सध्याच्या रहिवाशाचे नाव लिहायला कितीसा खर्च येईल?

निळी_शाई

राईनकाठ, फार चांगला मुद्दा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. तो आणला श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने, ते संस्कृतचेही मोठे पंडित होते. ते सहा अंक पत्राला देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून बरोबर आपल्या वाटप कार्यालयापर्यंत आणतात. तिथून पुढे दारामागे कोण राहते, हे पोस्टमनच्या डोक्यात असते. मी माझ्या बीटवर, म्हणजे वाटपासाठी ठरलेल्या भागात, कोणाची सून माहेरी गेली आहे आणि कोणाचे भाडेकरू बदलले, हे न विचारता सांगू शकत असे. आता बदल्या आणि बीट दोन्ही वाढले आहेत, त्यामुळे पेटीवरच्या नावाचे मोल वाढले.

आणखी एक बदल वाचकांनी लक्षात ठेवावा. २०२५ पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले आहे. त्यामुळे ‘स्पीड पोस्ट आहे, काहीतरी साधेच असेल’ असे समजून कोणाच्याही पाकिटावर सही करू नये. पूर्वी रजिस्टरने येणाऱ्या नोटिसाही आता त्याच मार्गाने येतात.

शेवंतीचे_अंगण

मतदार यादीचे काय करावे? आमच्या घराच्या पत्त्यावर आधीच्या भाडेकरूंची चार नावे अजून आहेत. निवडणुकीच्या वेळी त्यांच्या चिठ्ठ्या येतात.

सह्यकडा

पत्ता बदलल्यावर नमुना ८ भरून नाव नव्या ठिकाणी नेणे हे त्या मतदारांचे काम. ते करत नसतील, तर त्याच मतदारसंघातला मतदार म्हणून तुम्ही नमुना ७ भरून ‘येथून स्थलांतरित’ अशी हरकत घेऊ शकता. चौकशी होऊन निर्णय होतो. पण नमुना ७ भरण्याआधी त्या कुटुंबाला एकदा कळवण्याचा प्रयत्न करावा असे माझे मत आहे, कारण नव्या ठिकाणी नोंद होण्याआधी इथले नाव गेले तर त्यांचे मतच बुडेल. बीएलओ (मतदान केंद्राच्या यादीचे काम पाहणारे अधिकारी) घरी येतात तेव्हा त्यांना मात्र खरे तेच सांगावे.

गोदाकाठ

सर्वांना आठ दिवसांनी उत्तर देते आहे, कारण सांगण्यासारखे काही घडेपर्यंत थांबले होते.

पोस्टात गेले. काकांना जी शंका होती तेच झाले होते: पाकिटावर ‘घेण्यास नकार’ लिहिलेले होते. सुदैवाने ते अजून कार्यालयातून निघाले नव्हते. पोस्टमास्तरांनी माझे म्हणणे ऐकून घेतले. भाडेकराराची प्रत आणि वीजबिल पाहून त्यांनी पोस्टमनकडून शेरा दुरुस्त करून घेतला, ‘पत्ता सोडून गेले’ असा लिहून त्याखाली तारीख आणि सही घातली. त्यानंतर त्या कुटुंबातील दोघांची नावे लिहून, ते आता येथे राहत नाहीत असा मी तिथे एक अर्ज दिला आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घेतला. १९ पाकिटांवर काकांनी सांगितल्याप्रमाणे शेरा आणि आजची तारीख लिहिली, कारण मागची तारीख घालणे मला बरोबर वाटले नाही. त्यांतल्या आरटीओच्या पाकिटासाठी वेगळे पत्रही लिहिले.

ती पाकिटे पोस्टात देण्याआधी एक शेवटचा प्रयत्न करावासा वाटला. भाडेकरार पुन्हा काढला. शेवटच्या पानावर त्यांच्या बाजूच्या साक्षीदाराचे नाव आणि गाव होते. त्या गावात यजमानांच्या ओळखीचे एक शिक्षक निघाले, त्यांच्यामार्फत निरोप गेला, आणि परवा रात्री त्या मुलाचा फोन आला. नोकरी गेल्यामुळे ते छत्रपती संभाजीनगरला भावाकडे गेले होते, आणि जुना फोन क्रमांक कंपनीचा होता. रविवारी तो स्वतः येऊन सगळी पाकिटे घेऊन गेला. बाळ आता धावते. न्यायालयाचे पाकीट कशाबद्दल होते ते मी विचारले नाही. त्याच्या वकिलांनी नवा पत्ता न्यायालयात देतो असे सांगितले आहे, एवढे त्यानेच सांगितले.

गाडीच्या नोंदणीपत्रावरचा पत्ता बदलायचा राहिला आहे हे मी त्याला आठवणीने सांगितले. घर बदलल्यावर ३० दिवसांत कळवायचे असते, तो काळ केव्हाच उलटून गेला आहे. त्याला नव्या घराचा नोंदवलेला करार अजून मिळालेला नाही. रानजाई, तुमचा प्रश्न मला त्या वेळी नीट कळला.

रानजाई

गोदाकाठताई, त्याला भावाच्या घरमालकांशी बोलायला सांगा, किंवा भावाच्या नावाने पत्ता लावता येईल. आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय आहे, मात्र नाते दाखवणारा कागद लागेल. सख्खा भाऊ चालतो की नाही हे त्याने आधार केंद्रात विचारून घ्यावे. आधार झाले की पॅनचा पत्ता त्यावरून ऑनलाइन बदलतो आणि आयकराची पत्रे तरी योग्य ठिकाणी जातील.

निळी_शाई

शेरा वेळेत दुरुस्त झाला, हे वाचून डोळे भरून आले. त्या पोस्टमास्तरांना माझा नमस्कार कळवा. आणखी एक काम करा. तुमच्या अर्जाची एक प्रत तुमच्या बीटच्या पोस्टमनलाही द्या, आणि तो रजेवर असताना येणाऱ्या बदलीच्या माणसालाही सांगून ठेवायला लावा.

गोदाकाठ

दिली, काका. आज सकाळीच विमा कंपनीचे एक पाकीट आले होते. पोस्टमन दारातच म्हणाले, “हे ते संभाजीनगरचे ना?” आणि खिशातून पेन काढले. मी नवा पत्ता सांगितला, तो त्यांनी पाकिटावर लिहून घेतला.